वायरीतली ढोलकी

होळीचा रंग अंगणातल्या फरशीवरून अजून पुरता निघालेला नसतो आणि समोरच्या आंब्याचा मोहोर गळायला लागतो, त्या दिवसांत लखनौतल्या आमच्या जानकीपुरममध्ये सगळी माणसं हळू बोलायला लागतात. भाजीवाला हाक अर्ध्यावर आवरतो. गल्लीतलं क्रिकेट मुकाट्याने चालतं. यंदा ही शांतता आमच्याच घरी मुक्कामाला आली आहे, कारण लेक बारावीला. परवा माझ्या हातून डब्याचं झाकण पडलं, फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, आणि आतून आवाज आला, "मम्मी, प्लीज़! याद कर रही हूँ।"

"अगं, सुटलं हातातून."

"हाँ तो उठा लो ना।"

मी मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, हे आमचं जुनंच. झाकण उचलून मी ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर वारा कडुनिंबाची वाळकी पानं एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत लोटत नेत होता. ही शांतता माझ्या ओळखीची आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाच्या एका मार्चमध्ये मी या शांततेत एक अख्खी ढोलकी वाजवली होती आणि शेजारच्या घरात तिचा एक ठोकाही ऐकू गेला नव्हता.

तेव्हा आम्ही अलीगंजला राहत होतो. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात हिशेबनीस. नागपूरहून बदली होऊन आले ते इथलेच झाले. मी निशातगंजमधल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होते. सुट्या भागांपासून कॉम्प्युटर जुळवायचे आणि लोकांच्या घरी जाऊन ते लावून द्यायचे. स्कूटरच्या पायदानावर मॉनिटर ठेवून, त्याला दोन्ही गुडघ्यांनी धरून, मी अर्धं लखनौ फिरले आहे. घरी माझा स्वतःचा एक कॉम्प्युटर होता, दुकानातल्या उरल्यासुरल्या भागांचा. झाकण नसलेला. आई त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून ठेवायची.

बाबा गायचे. कुणाकडे शिकले नव्हते. नागपूरला वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात लहानपणापासून गात आले होते, गाणीही स्वतःच जुळवायचे. लखनौत आमच्यासारखी मराठी बौद्ध घरं थोडी, पण एप्रिलमध्ये जयंतीला सगळे एकत्र यायचे आणि मग बाबांच्या उंच, धारदार आवाजाने मांडव भरून जायचा. "आम्ही उजेड पेरत आलो," असं त्यांचं एक गाणं होतं. 'उजेड' या शब्दावर ते जिथे चढायचे तिथे मागे बसलेल्या बायका हातातलं काम थांबवायच्या.

त्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. आधी धुक्यावर खापर फोडलं, मग ऑफिसातल्या चहावर. आल्याचा रस, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. होळीनंतर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे. काढून तपासायला पाठवावी लागेल.

बाबांनी गाठीबद्दल काही विचारलंच नाही. "और गाना?" एवढंच म्हणाले.

"आवाज़ रहेगी," डॉक्टर म्हणाले. "कैसी रहेगी, ये बाद में पता चलेगा। तब तक थोड़ा-बहुत गुनगुना लीजिए, पर ज़ोर मत लगाइए।"

परत येताना मी स्कूटर चालवत होते आणि बाबा मागे बसले होते. घराजवळच्या कपूरथला चौकात गर्दीत अडकलो तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, "तुझ्या त्या डब्यात गाणं भरता येते म्हणे."

"येतं, बाबा."

"मग भरून टाकू न. ऑपरेशनच्या आधी."

इतकंच बोलणं झालं. पण मला माहीत होतं की हे माझ्यावर आलं आहे.

गाणं भरायचं तर ठेका हवा. बाबांच्या गाण्यांना ढोलकी वाजवायचे ते सुधाकरकाका, बाबांचे धाकटे भाऊ. ते नागपूरला बँकेत. मार्च एंड म्हटल्यावर रजा कुठली मिळणार! त्यातून ऑपरेशनची गोष्ट बाबांनी त्यांना मोघमच सांगितली होती. लखनौत ढोलक वाजवणारे पुष्कळ, पण त्यांच्या हातात इथला कहरवा मुरलेला. नागपूरच्या वस्तीतली ती आडवी, जरा मागून येणारी थाप त्यांच्या बोटांना ठाऊक नव्हती.

शेवटी मी शकीलभाईंकडे गेले. शकीलभाई लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे आणि त्यांचा कॉम्प्युटर मीच लावून दिला होता. ते दिवस खरमासाचे. त्या महिन्यात इकडे लग्नं होत नाहीत, शिवाय परीक्षेमुळे लाउडस्पीकर बंद, त्यामुळे त्यांचं सगळं सामान चादरीखाली झोपलेलं. त्यांनी मला तीन पेट्या काढून दिल्या. एक रिदम मशीन, जपानी, रबरी बटणांचं, ज्यात ठेका आपण टिपून टिपून भरायचा. दुसरी ईकोची पेटी, जिच्यात कोरडा आवाज घातला की घुमारा घेऊन बाहेर येतो. तिसरा छोटा मिक्सर, वेगवेगळे आवाज एकत्र करायचा. वर एक माइक.

"ढोलकी इसमें है नहीं," शकीलभाईंनी आधीच सांगितलं. "कोंगा है, टॉम है, डिस्को जितना चाहो उतना। बाकी आप जानो और अब्बाजी जानें।"

सामान घरात येताना मिश्रा आंटींनी पाहिलं. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यांची गुड्डी त्या वर्षी इंटरला, म्हणजे बारावीला. संध्याकाळी आंटी वाटीभर गुजिया, इकडच्या करंज्या, घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बिटिया, बुरा मत मानना। बाजा-वाजा इम्तिहान के बाद कर लेना। हमारी गुड्डी तो सुई गिरे तो चौंक जाती है।"

परीक्षा संपेपर्यंत बाबांची ऑपरेशनची तारीख येऊन ठेपणार होती. मी म्हटलं, "आंटी, आवाज़ बाहर आएगी ही नहीं।" त्यांना ते खरं वाटलं नाही. पण खरंच, या मशीनची ढोलकी हवेतून जातच नाही. ती वायरीतून जाते. कानाला हेडफोन लावला नाही तर खोलीत फक्त बटणं दाबल्याचा टकटक आवाज.

मग आम्ही ढोलकी बांधायला बसलो. बाबा रजेवर होते. त्यांनी पिठाचा रिकामा डबा उपडा करून मांडीवर घेतला आणि बोटांच्या टोकांनी, अगदी हलके, काका कसे वाजवतात ते मला दाखवलं. मी कोंगाचा सूर खाली उतरवून धुमाचा, डाव्या पुडीचा, घुमता ठोका केला, छोट्या टॉमचा सूर वर नेऊन उजव्या, शाईच्या पुडीची चाट केली. एकेक ठोका मशीनमध्ये भरायचा, हेडफोन बाबांच्या कानाला लावायचा, त्यांचा चेहरा बघायचा.

"नाही नाही. हा पोलिसासारखा चालून राहिला," बाबा म्हणायचे. "सुधाकरची थाप कशी? येईन येईन म्हणते आणि मग येते."

मशीनमध्ये ठोके किंचित मागे सरकवायची सोय होती. मी दुसरी थाप जराशी मागे घेतली. आणखी जराशी. बाबांची मान हलली. आई कणीक मळता मळता दारात येऊन उभी होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. एका खोलीत दोन माणसं समोरासमोर बसून आवाजावाचून माना डोलावताहेत, हे पाहून ती म्हणाली, "वेड लागलं का दोघांले?"

खरी अडचण पुढे आली. बाबांनी हेडफोन लावून गुणगुणायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. थांबले. घसा धरला.

"काय झालं, बाबा?"

"हे टाइपरायटर वाजून राहिलं, बाई. माणसंच नाहीत कुठं. मग मीच जोर लावतो."

मला ते लगेच कळलं. कोरड्या ठेक्याबरोबर गाताना माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडला की ओरडतो. मी ठेका ईकोच्या पेटीतून फिरवून आणला. आता ढोलकीच्या मागे मांडव उभा राहिला, लांबवर बसलेली माणसं आली. बाबांचे खांदे खाली आले. आवाज अर्धा झाला आणि सुरात आला. आई म्हणाली, "हां. असं गा. असंच."

पण ठेका असा घुमाऱ्यात भिजवून कॉम्प्युटरमध्ये भरला की तो पुन्हा कोरडा करता येत नाही. घुमारा जास्त झाला, गाण्याचे शब्द बुडाले, तर सगळं फुकट. आणि बाबांना पुन्हा पुन्हा गायला लावणं शक्य नव्हतं. एका गाण्यानंतर आवाज चिरायचा, दुसऱ्यानंतर नुसती हवा यायची. म्हणजे कॉम्प्युटरला ठेका कोरडा हवा आणि बाबांना ओला हवा. एकाच वेळी.

दोन दिवस मी वायरी इकडच्या तिकडे करत राहिले. मिक्सरमधून ईकोकडे पाठवायचं, ईकोमधून परत मिक्सरमध्ये आणायचं, की सगळं मिळून कॉम्प्युटरमध्येच जाऊन पडायचं. त्यातून एक बारीक गुणगुण यायची, उन्हाळ्यातल्या कूलरसारखी. सगळ्या पेट्या विजेच्या एकाच बोर्डावर लावल्या तेव्हा ती गेली. दुकानात ग्राहकाशी बोलतानाही माझी बोटं काउंटरवर वायरींचा नकाशा काढत असायची.

तोड अगदी साधी निघाली. रिदम मशीनला आवाज बाहेर पडायला दोन तोंडं होती, डावं आणि उजवं. दोन्हींतून तोच ठेका यायचा आणि मी दोन्ही एकाच जागी नेत होते. मी डावं तोंड मिक्सरमधून कॉम्प्युटरकडे दिलं, कोरडंच. उजवं ईकोच्या पेटीत घातलं आणि तिथून बाबांच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये, आणि टेपरेकॉर्डरमधून त्यांच्या हेडफोनमध्ये. दोन वाटा कुठे भेटतच नव्हत्या. ढोलकी इकडे पाटासारखी सपाट साठत होती आणि तिकडे बाबांच्या कानात मांडव भरत होता. हेडफोनचा एक कान त्यांनी मोकळा ठेवला, आपला आवाज ऐकायला.

आज हे सगळं लेकीच्या फोनमध्ये आहे. बोट फिरवलं की घुमारा वाढतो, फिरवलं की कमी होतो, न आवडला तर काढून टाकता येतो. मला त्याचा हेवा वाटत नाही आणि रागही येत नाही. पण ती जोडणी पहिल्यांदा चालली तेव्हा मी जमिनीवर वायरींच्या गुंत्यात फतकल मारून बसले होते, बाबा डोळे मिटून हलक्या आवाजात गात होते, आणि मला वाटलं होतं, आपल्या हातून आज घरात काहीतरी नीट लागलं. त्या वयात असं वाटण्याचे दिवस कमीच असतात.

ठेका वायरीतला असला तरी बाबांचा गळा हवेतला होता. तो भिंतीपलीकडे जाणारच. म्हणून गुड्डी पेपरला गेली की आम्ही गायला बसायचो. तिच्याकडूनच मागून घेतलेलं वेळापत्रक आमच्या स्वयंपाकघरात लागलं. आई खिडकीतून बघायची, गुड्डी दही-साखर खाऊन रिक्षात बसली की आत हाक मारायची, "गेली! बसा!" पंखा बंद, खिडक्या बंद, आईचा कुकर बंद. हिंदीच्या पेपरला एक गाणं झालं, इंग्लिशच्या पेपरला एक. गणिताच्या दिवशी वीज गेली आणि आम्ही वारा घालत बसून राहिलो. रसायनशास्त्राला 'उजेड'चं गाणं लावलं होतं. बाबा त्या शब्दावर चढले, आवाज काठावर पोचला, थरथरला, आणि तिथेच टिकला. मी पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेकडे बघत होते. वर मान केली तर आई पदराने कपाळ टिपत होती. उकाडा होताच.

गुड्डी परत आली की दारातून विचारायची, "दीदी, आज आपका कैसा गया?"

"अच्छा गया। तुम्हारा?"

"आपसे कम ही अच्छा गया।"

एकेक गाणं भरून झालं की त्यातल्या कोरड्या ढोलकीला पुन्हा मांडवात न्यायचं काम उरायचं. ती कॉम्प्युटरमधून बाहेर काढायची, ईकोच्या पेटीत न्यायची आणि घुमाऱ्यासकट परत आत भरायची. हे मी सकाळी दुकानात जाण्याआधी करायची. एका सकाळी माझ्याकडून वायर अशी लागली की जे बाहेर जात होतं तेच आत येऊन पुन्हा बाहेर जायला लागलं. आवाज स्वतःलाच खात वाढत गेला. त्यातून टेपरेकॉर्डरचे स्पीकर चालू राहिले होते. हत्ती ओरडावा तसा एक चीत्कार घुमला आणि छतावरची कबुतरं उडाली.

वायर उपटेपर्यंत दारावर थाप. मिश्रा आंटी, केस मोकळे, हाताला पोळपाटावरचं पीठ. "ये क्या था?"

बाबा पुढे झाले. बसलेल्या आवाजात म्हणाले, "माफ़ कीजिए, भाभीजी। मशीन बिगड़ गई थी।"

आंटींनी पिठाचा हात पदराला पुसला. त्यांनी बाबांना असं बोलताना बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. मागून गुड्डी पुस्तक छातीशी धरून आली. "मम्मी, छोड़ो ना। मैं तो किताब पे सो गई थी। आज फ़िज़िक्स है, सोती रह जाती।"

मग आंटींनी सगळी गोष्ट विचारून घेतली. ऑपरेशनबद्दल आईने सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी काही म्हटलं नाही, उलट गुड्डी घरी असतानाही म्हणायच्या, "भाई साहब को गाना हो तो गा लें।" पण आम्ही पेपरच्या वेळाच पाळल्या.

फिरून आलेली ढोलकी एक खोड घेऊन आली होती. कॉम्प्युटरला आवाज बाहेर सोडून आत घ्यायला जरा वेळ लागायचा, त्यामुळे घुमाऱ्याची ढोलकी कोरड्या ढोलकीच्या मागे धापा टाकत यायची. मग मी प्रत्येक गाण्याच्या आधी मशीनचा एकच ठोका ठेवला, खुणेचा. पडद्यावर त्याचं टोक दिसायचं. मागे पडलेली रेष उंदराने धरून पुढे ओढायची, दोन्ही टोकं एकावर एक आली की सोडायची. हे जुळायचं तो क्षण मला फार आवडायचा. दोन ढोलक्यांची एक व्हायची आणि तिला खोली यायची, जणू कुणी तिच्यामागचं दार उघडलं.

कॅसेट तयार झाली. एक शकीलभाईंना दिली, एक मिश्रा आंटींनी मागून घेतली, आणि एक नागपूरला जाणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर सुधाकरकाकांना पाठवली. त्यानंतर लगेच बाबांचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. रिपोर्ट हातात पडला तेव्हा आई हॉस्पिटलच्या पायरीवर बसली आणि सगळ्यात आधी तिने भूक लागल्याचं सांगितलं. आम्ही दोघींनी तिथेच गाडीवरच्या खस्ता कचोऱ्या खाल्ल्या.

बाबांना मौन सांगितलं होतं. त्यांच्या गळ्यात मी माझी शाळेतली पाटी अडकवली. तिच्यावर ते 'चहा', 'पंखा', 'तू दुकानात जा' असं लिहायचे. मौनाची मुदत संपली, डॉक्टरांनी सांगितलं की आता थोडं थोडं बोला. पण बाबा बोलेनात. पाटी सोडेनात. आईने विनवलं, मी रागावले. ते हसायचे आणि लिहायचे, 'उद्या'. मला हळूहळू कळलं की त्यांना दुखत नव्हतं. घशातून काय बाहेर पडेल ते त्यांना ऐकायचं नव्हतं. आत जोपर्यंत ठेवलं आहे तोपर्यंत तो जुनाच आवाज होता.

अशातच जयंती आली. आई सकाळपासून पुऱ्यांच्या गडबडीत. बाबा पांढरा शुभ्र सदरा घालून खुर्चीत बसलेले. फोन वाजला. मी उचलला तर पलीकडे एवढा गलका की काही कळेना. मग सुधाकरकाकांचा आवाज आला. ते वस्तीतल्या एसटीडी बूथवरून बोलत होते.

"मांडवात तुमचीच कॅसेट लावून राहिलो आम्ही! भाऊले दे. बोलता येत नसन तर राहू दे, नुसतं ऐकू दे त्याले."

मी रिसीव्हर बाबांच्या कानाला लावला आणि माझाही कान जवळ नेला. नागपूरच्या भोंग्यातून, रस्त्यावरच्या माणसांमधून, शेकडो मैलांच्या तारेतून बाबा गात होते. 'उजेड'वर चढत होते. लोक टाळ्यांनी ठेका धरत होते आणि टाळ्या ढोलकीच्या थापेवर, त्या मागून येणाऱ्या थापेवर, बरोबर पडत होत्या.

"भाऊ," काका ओरडले, "एक सांग मले. ढोलकी कोण वाजवून राहिला? इथं सगळे मलेच विचारतात."

बाबांनी पाटीकडे पाहिलं. फोनवर पाटीचा काय उपयोग? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओठ उघडले.

"पोरगी वाजवते," ते म्हणाले.

तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. खालचा, रुंद, कडांना जरा खरखरीत. उंची गेली होती. पण फुटका नव्हता, पोकळ नव्हता. स्वयंपाकघरातून आई पुरीचा उंडा हातात घेऊन आली आणि दारातच थांबली.

पलीकडे काका गोंधळले. "हॅलो? कोण बोलून राहिलं?"

बाबांनी रिसीव्हर माझ्या हातातून आपल्या हातात घेतला, खुर्चीत ताठ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, मीच बोलून राहिलो, बावा. मीच!"